डेन्मार्कच्या राजाने पिवळा तारा कधीच लावला नव्हता

भाचीने शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी भाषण वाचून दाखवलं, तर ते आमच्या फॅमिली ग्रुपवरचं फॉरवर्डच, शब्दन्‌शब्द! दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात असताना तिथला राजा दहावा क्रिश्चियन पिवळा तारा (नाझी ज्यूंना ओळखीसाठी कपड्यांवर लावायला भाग पाडायचे तो) लावून घोड्यावरून राजधानी कोपनहेगनभर फिरला, नाझी घाबरले, एकही ज्यू पकडला गेला नाही, कोळ्यांनी सगळ्यांना फुकटात स्वीडनला नेलं आणि याचे पुरावे तिथल्या रेझिस्टन्स म्युझियमच्या (नाझींविरुद्धच्या लढ्याच्या संग्रहालयाच्या) आगीत जळाले. पोरं हे पाठ करतायत म्हणून लिहितेय.

डेन्मार्कमधे ज्यूंवर ताऱ्याची सक्ती कधी झालीच नाही, मग राजा लावणार कशाला? घोड्यावरून तो रोज फिरायचा हे खरं, पण ऑक्टोबर १९४२ मधे घोड्यावरून पडला आणि ज्यूंची धरपकड झाली त्यानंतर वर्षभराने. बरं, एवढं मान्य करते की अशी सक्ती आलीच तर आपण सगळ्यांनीच तारा लावावा, असं त्याने स्वतःच्या डायरीत लिहिलंय. पण लिहिणं वेगळं, लावून फिरणं वेगळं.

नाझी घाबरले म्हणे! १ ऑक्टोबर १९४३ च्या रात्री घरोघर धाडी पडल्याच. लोक वाचले कारण डुकविट्झ नावाच्या जर्मन अधिकाऱ्यानेच डॅनिश पुढाऱ्यांना आधी बातमी फोडली, रब्बी (ज्यू धर्मगुरू) मेल्कियोर यांनी सिनेगॉगमधे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, जमलेल्यांना सावध केलं आणि मग शेजारी, डॉक्टर, कोळी अशा साध्या माणसांनी सात हजारांवर लोकांना लपवून बोटींनी पलीकडे स्वीडनला पोचवलं.

आणि "एकही पकडला गेला नाही" याचा तर संताप येतो. सुमारे ४७० जणांना टेरेझिनच्या नाझी छावणीत नेलं, त्यातले पन्नासेक तिथेच मेले. गिलेलाय गावात चर्चच्या माळ्यावर लपलेली ऐंशीएक माणसं गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, एका रात्रीत उचलली. एक कौतुकाची गोष्ट रंगवायला तुम्ही या सगळ्यांना पुसून टाकताय, हे कळतंय का?

कोळ्यांचं म्हणाल तर बऱ्याच जणांनी पैसे घेतले, काहींनी भरमसाट. पकडले गेले असते तर बोट गेली असती, तुरुंगही होताच, तरी नेलं हेही खरंच.

म्युझियमला आग एप्रिल २०१३ मधे लागली, इमारत गेली पण संग्रह वाचवला. २०२० पासून त्याच जागी नवं म्युझियम सुरू आहे, बरंचसं जमिनीखाली, आणि कोणालाही जाऊन बघता येतं.