एटीएमवर ‘रुपये’ निवडण्याचा सल्ला महाग पडतो

शाळांना सुट्टी लागायची वेळ आली की ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश हमखास फिरून येतो. त्याचा आशय असा: फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून नेायचे कार्ड) ही निव्वळ लूट आहे, म्हणून परदेशात आपले नेहमीचे डेबिट कार्डच वापरावे, एटीएमने विचारल्यास रुपयांचा पर्याय निवडावा, म्हणजे खात्यातून नेमके किती गेले ते कळते, चोरीची भीती असल्याने दर वेळी थोडेच पैसे काढावेत, आणि अडलेच तर क्रेडिट कार्ड आहे, त्याला 45 दिवस व्याज लागत नाही. संदेश पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात मला शंका नाही. पण या चारांपैकी तीन सल्ले खिशाला थेट चाट लावणारे आहेत आणि चौथा अर्धाच खरा आहे.

सर्वांत जास्त नुकसान रुपयांच्या पर्यायाने होते. एटीएमने रुपयांत आकडा दाखवला की चलनाचे रूपांतर आपली बँक करत नाही, ते एटीएम चालवणारी संस्था स्वतःच्या दराने करते आणि त्या दरात तिचा नफा आधीच मिसळलेला असतो. आमच्या शेजारच्या वहिनी बँकॉकहून परतल्यावर त्यांनी जपून आणलेली पावती मला दाखवली होती: वर ठळक अक्षरांत रुपयांतली रक्कम आणि तळाशी, चष्मा लावूनही कष्टानेच वाचता येईल अशा अक्षरांत, दर आणि मार्कअप, म्हणजे मूळ दरावर चढवलेली जादा टक्केवारी. हिशेबासाठी समजा, एका बाटचा (थायलंडच्या चलनाचा) दर 2.50 रुपये आहे आणि यंत्र 2.70 रुपये लावते आहे. 10,000 बाटसाठी रुपयांच्या पर्यायात 27,000 रुपये जातात. बाटचा पर्याय निवडला आणि आपल्या बँकेने 3.5 टक्के मार्कअप व त्यावर 18 टक्के जीएसटी लावला, तरी रक्कम साधारण 26,033 रुपये होते. म्हणजे एका बटणाची किंमत 967 रुपये. शिवाय परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही काही बँका वेगळा आकार घेतातच. आकडा आधी कळतो हे खरे आहे, पण कळतो तो जास्तीचा आकडा. ‘रूपांतर नको’ असा पर्याय दिसला की व्यवहारच रद्द होईल, या भीतीने अनेक जण ‘स्वीकारा’ दाबतात. प्रत्यक्षात नकार दिल्यावरही पैसे मिळतात, फक्त हिशेब स्थानिक चलनात होतो.

थोडे थोडे काढण्याचा सल्ला ज्याने लिहिला, त्याने ठरावीक शुल्क लक्षात घेतलेले दिसत नाही. थायलंडमधली एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी 220 बाट किंवा त्याहून अधिक घेतात, मग रक्कम लहान असो वा मोठी. आपल्या बँकेचे शुल्क 125 रुपये आणि त्यावर जीएसटी धरला, तर वरच्याच दराने प्रत्येक वेळी सुमारे 698 रुपये गेले. 10,000 बाट एकदम काढले तर हा खर्च तीन टक्क्यांच्या आत राहतो; तेच पैसे हजार-हजार करून दहा वेळा काढले तर 6,975 रुपये, म्हणजे जवळपास 28 टक्के होतात. चोरीची भीती खोटी नाही, पण त्यावर उपाय हॉटेलच्या खोलीतली तिजोरी हा आहे.

क्रेडिट कार्डाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. बिनव्याजी मुदत खरेदीला असते, रोख रकमेला नसते. पैसे काढल्या दिवसापासून व्याज सुरू होते आणि साधारण 2.5 टक्के रोख शुल्क, तेही किमान रकमेच्या अटीसह, वेगळे लागते.

राहिला फॉरेक्स कार्डाचा मुद्दा. डॉलरचे कार्ड घेऊन बाट काढले तर चलन बदलण्याचे शुल्क लागते आणि कार्ड कोणतेही असले तरी तिथल्या एटीएमचे शुल्क चुकत नाही, इथपर्यंत संदेशाशी माझे दुमत नाही. मात्र ज्या देशात जायचे तेच चलन कार्डात भरले, तर दर निघण्यापूर्वीच पक्का होतो आणि प्रत्येक व्यवहारावरचा मार्कअप टळतो. छोट्या सहलीसाठी तर परवानाधारक मनी चेंजरकडून थोड्या नोटा घेऊन जाणेही परवडते: 25,000 रुपयांच्या चलनावर जीएसटी अवघा 45 रुपये आहे. फक्त दर दोन-तीन ठिकाणी विचारावा आणि विमानतळावरच्या काउंटरसाठी हे काम राखून ठेवू नये. याच संदेशाच्या काही आवृत्त्यांत ‘परदेशात पैसे काढले की 20 टक्के कर’ अशी पुस्तीही असते. 1 एप्रिल 2025 पासून एका आर्थिक वर्षात 10 लाख रुपयांपर्यंत अशा रकमेवर हा कर, म्हणजे टीसीएस (व्यवहाराच्या वेळीच वसूल होणारा आगाऊ प्राप्तिकर), लागत नाही, आणि त्यापुढे लागला तरी तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो.

डेबिट कार्ड न्या म्हणणारा संदेश एक गोष्ट मात्र सांगतच नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2020 पासून नवे कार्ड फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू असते. परदेशातल्या एटीएमसाठीची परवानगी आणि मर्यादा बँकेच्या ॲपमध्ये आपणच चालू करायची असते, आणि ते काम ठाण्यातून निघण्यापूर्वी, ओटीपीचा मोबाइल हाताशी असतानाच उरकावे.