हप्ता दिसतो, मुदत दिसत नाही

२०२३ च्या जुलैत धायरीहून धाकट्या भावाचा फोन आला. रिटर्न भरायचं म्हणून त्यानं गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला काढला होता. "ताई, उरलेले हप्ते ३१० दाखवतायत. माझ्या हिशेबानं २१० हवेत."

कर्ज २०२० च्या डिसेंबरातलं. ४० लाख, वीस वर्षं, सात टक्के. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती इतर बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो, ४ वरून ६.५० टक्क्यांवर नेला आणि रेपोला बांधलेलं त्याचं कर्ज साडेनऊवर गेलं. हप्ता मात्र ३१ हजारांचा साडेबत्तीस हजारच झाला. बाकीचा भार बँकेनं मुदतीवर टाकला. एक्केचाळीस वर्षांच्या माणसापुढे जवळजवळ सव्वीस वर्षांचे हप्ते! दोघांनी फोनवरच गुणाकार केला, तर एकूण भरायची रक्कम ३५ लाखांहून जास्त वाढलेली. भावजयीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यालाच नव्हतं, तर तिला कुठून असणार?

त्याच उन्हाळ्यात इथे, रेडिंगमध्ये, आमच्याही गृहकर्जाची वेळ आली होती. इंग्लंडमध्ये बहुतेक लोक दोन किंवा पाच वर्षांसाठी व्याजदर पक्का करून घेतात. आम्ही २०२१ मध्ये दीड टक्क्यानं दोन वर्षांसाठी केला होता. दरम्यान इथल्या मध्यवर्ती बँकेनं, बँक ऑफ इंग्लंडनं, ०.१ टक्क्यावरून सलग चौदा वेळा दर वाढवत ऑगस्ट २०२३ पर्यंत तो ५.२५ वर नेला. आमचा ८४० पौंडांचा हप्ता १,३०० झाला. पण त्याचं पत्र चार महिने आधी आलं होतं. एका पानावर जुना हप्ता, नवा हप्ता आणि तारीख. ते पान घेऊन मी आणि नवरा एका रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो.

त्याआधीचा हिवाळाही विसरण्यासारखा नव्हता. ऑक्टोबर २०२२ मध्ये इथली महागाई ११.१ टक्के होती, एक्केचाळीस वर्षांतली सर्वांत जास्त. वीज-गॅसचं साधारण घराचं वर्षाचं बिल आदल्या हिवाळ्यात १,२७७ पौंड धरत, ते सरकारनं आधार देऊनही २,५०० वर होतं. ओट्याशेजारी मीटरचा छोटा पडदा असतो, त्यावर दिवसाचा खर्च पौंडात दिसतो आणि वापर वाढला की खालचा दिवा हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल होतो. कुकर लावताना माझी मुलगी त्या दिव्याकडे बघायची. आठ वर्षांची पोर "आई, लाल झालं" म्हणायची तेव्हा पोटात कालवायचं.

तरीही दिवे बंद करून आमचा महिना सावरला नाही. दुसरी गाडी विकली तेव्हा सावरला. विमा, कर, पेट्रोल, पार्किंग, सगळंच एकदम थांबलं. नवरा सायकलनं स्टेशनला जाऊ लागला.

म्हणून तिकडे चाललेला वाद ऐकला की जीव तुटतो. २०२२-२३ मध्ये भारतीय कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत, म्हणजे ठेवी वगैरेंतून नवी कर्जं वजा करून उरलेली, जीडीपीच्या ५.१ टक्क्यांवर आल्याचे रिझर्व्ह बँकेचे आकडे आले आणि घरोघरी जुंपली. आमच्या काकांचं म्हणणं, पोरं हॉटेलात जातात, हप्त्यावर फोन घेतात. चुलतभावंडांचं म्हणणं, भाडं आणि शाळेची फी भरून उरतं काय? अर्थ मंत्रालयानं सांगितलं की लोक घरं आणि गाड्या घेतायत, चिंतेचं कारण नाही. यात प्रत्येकाचं थोडं थोडं खरं आहे. पण घर घेतलं म्हणजे बचत झाली, हे त्या घराचे किती हप्ते उरलेत ते ठाऊक असल्याशिवाय कसं म्हणायचं?

आपल्याकडे दूध, किराणा, कामवाल्या मावशींचा पगार हे सगळं बाईच्या तोंडपाठ असतं. दहा रुपयांची कोथिंबीर वीसला झाली तर तिला त्याच दिवशी कळतं. कर्जाची फाइल मात्र कपाटाच्या वरच्या कप्प्यात, नवऱ्याच्या ताब्यात. कर्ज म्हणजे पुरुषाची इज्जत, त्यामुळे ते वाढलं की तो आणखी गप्प होतो. काटकसरीची सगळी भाषणं मग कोथिंबिरीवरच होतात. हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

इथलं सगळं आदर्श आहे असं अजिबात नाही. सर्वांत गरीब माणसाच्या घरी अनेकदा आधी पैसे भरायचा मीटर असतो, आणि पैसे संपले की थंडीत हीटर बंद. आपली मराठी मुलंही इथे शैक्षणिक कर्ज काढून येतात, सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं, आणि भागत नाही हे आईवडिलांना सांगत नाहीत. तीसुद्धा ही गप्प राहायची सवय घरूनच घेऊन आलेली असतात. पण कर्जाबद्दल बोलायला इथे जागा आहे. सिटिझन्स ॲडव्हाइस किंवा स्टेपचेंज या सेवाभावी संस्था फुकट सल्ला देतात. मे २०२१ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये कर्जात अडकलेल्याला साठ दिवस वसुलीपासून कायद्यानं उसंत मिळते. माझ्या ऑफिसातली बाई जेवणाच्या सुट्टीत सहज सांगते, आज कर्जसल्ल्याचा फोन आहे. मान खाली न घालता.

भारतातही हक्क आहेत, आपण ते वापरत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बजावलं की दर बदलला की हप्ता आणि मुदतीवर काय परिणाम होतो ते ग्राहकाला कळवा, काय वाढवायचं ते त्याला ठरवू द्या, आणि दर तिमाहीला उरलेल्या हप्त्यांचा आकडा द्या. शिवाय बदलत्या दराच्या गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरले तर दंड नाही. आम्हाला इथे पक्क्या दराच्या काळात ठरावीक मर्यादेपलीकडे भरलं की दंड पडतो.

भावजयीला कळलं तेव्हा ती आधी रडली, मग ठेवींच्या पावत्या घेऊन बसली. सात टक्क्यांच्या सहा लाखांच्या ठेवी पडून होत्या आणि कर्ज साडेनऊचं. "दोन लाख दवाखान्यासाठी राहू देत, बाकीचे भरून टाकू," असं तिनंच ठरवलं. मला इथे दवाखान्यासाठी पैसे बाजूला ठेवावे लागत नाहीत, एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा आहे. तिला ठेवावेच लागतात, म्हणून तिचा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटला. चार लाख भरले आणि ३१० चे २१५ झाले.

२०२५ मध्ये रेपो दर उतरत डिसेंबरात ५.२५ वर आला. हप्ता कमी करून हवा का, असं बँकेनं विचारलं. भावाला मोह झाला होता. भावजय म्हणाली, "हप्ता राहू द्या, महिने कमी करा."

कालनिर्णयच्या पानावर ती दुधाचे खाडे मांडते. त्याच पानाच्या कोपऱ्यात आता दर महिन्याला एक आकडा असतो. या जानेवारीत तिनं फोटो पाठवला: १६०.