पंपाखालचं ते भोक बुजवू नका

मागच्या रविवारी सकाळी मालवणहून भाच्याचा फोन आला. "मामा, तुमच्या ग्रुपवर आलं होतं तसं बोटीच्या इंजिनाच्या पाण्याच्या पंपाखालचं भोक एम-सीलने बुजवलं. दोन फेऱ्या मारल्या. आता ऑइल मोजायच्या डिपस्टिकवर ते दुधाच्या चहासारखं दिसतंय." मी त्याला आधी इंजिन बंद करायला सांगितलं आणि मग तो मेसेज शोधून वाचला. माझ्या धाकट्या भावाने बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरूनच तो पुढे ढकलला होता. मामाने माझगावच्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं बोटींची इंजिनं उघडली, तेव्हा मामाच्या घरून आलेलं खरंच असणार, असं समजून पोराने ते करून टाकलं.

मेसेजचं शीर्षक आहे, "बोटीच्या इंजिनखाली पाणी? मेकॅनिकला पैसे देऊ नका, सात घरगुती उपाय". खाली ३० वर्षं अनुभव असलेल्या कुणा कॅप्टनचा हवाला, नाव नाही. उपाय असे: शाफ्टचा ग्लँड (पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथली पाणी अडवणारी जागा) एकही थेंब येणार नाही इतका आवळा. पाण्याच्या पंपाखालचं भोक एम-सीलने बुजवा. साचलेलं पाणी जिभेवर लावून खारं की गोडं ते ओळखा. कूलिंगच्या पाण्यात हळद टाका. एक्झॉस्टच्या एल्बोला (धूर बाहेर नेणाऱ्या वाकड्या पाइपला) बाथरूमचं सिलिकॉन लावा. मोठा बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी, बिल्जमध्ये साचलेलं पाणी उपसणारा) बसवा म्हणजे गळती शोधायची गरज नाही. इंजिन चालू झालं नाही तर होईपर्यंत सेल्फ मारत राहा. आणि शेवटी एक ओळ, "हरणीची बोट अशाच गळतीमुळे बुडाली."

त्या भोकापासूनच सुरुवात करतो, कारण नुकसान तिथे झालं आहे.

बोटीच्या पोटात बसवलेल्या इंजिनाला थंड ठेवायला समुद्राचं पाणी खेचणारा एक छोटा पंप असतो. आत रबरी पाकळ्यांचा इंपेलर, आणि तो फिरवणारा शाफ्ट बऱ्याच इंजिनांत थेट टायमिंग गिअरमधून येतो. म्हणजे शाफ्टच्या एका टोकाला समुद्र आणि दुसऱ्या टोकाला इंजिनाचं ऑइल. मध्ये दोन सील असतात, एक पाणी अडवणारं आणि एक ऑइल अडवणारं. या दोन सीलांच्या मधली जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते आणि तिच्या तळाला ते भोक पाडलेलं असतं. पाण्याचं सील झिजलं की पाणी त्या रिकाम्या जागेत येतं आणि भोकातून खाली ठिबकतं. ऑइलचं सील झिजलं तर तिथूनच ऑइल ठिबकतं. पंप बनवणाऱ्याने ही वाट एवढ्याचसाठी ठेवली की एक सील गेलं तरी दोन द्रवांची गाठ पडू नये आणि मालकाला खाली बघून कळावं.

ती वाट बंद केली की पाण्याला जागा एकच उरते, ऑइलच्या सीलवर. ते सील तेल अडवायला बनवलेलं आहे, त्याच्या ओठाची धार इंजिनाच्या बाजूला असते. उलट बाजूने दाब आला की ते पाणी आत सोडतं. मग खारं पाणी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, ऑइलबरोबर घुसळून ते चहासारखं होतं, आणि तेच बेअरिंगांना जातं. पंप पट्ट्यावर चालणारा असेल तर इंजिन वाचेल, पण पंपाचं स्वतःचं बेअरिंग गंजून बसेल. शंभर-दीडशे रुपयांचं सील चुकवण्यासाठी केवढ्याचा धोका पत्करायचा? आणि हे लिहिणारा माणूस ३० वर्षं अनुभवी म्हणवतो. ज्याने एकदा तरी असा पंप उघडला आहे तो हे वाक्य लिहूच शकत नाही. एम-सीलबद्दल माझी तक्रार नाही, घरच्या नळाला मीही लावतो.

आता ग्लँड. इथे मेसेजमध्ये खऱ्याचा एक अंश आहे, तो मान्य करतो. नव्या बोटींत शाफ्टवर बेलोजचं, म्हणजे घड्यांच्या रबरी नळीचं सील असतं, तिथे थेंब आला तर तो बिघाडच. पण भाच्याच्या बोटीसारख्या जुन्या फायबरच्या बोटीत ग्लँडमध्ये ग्रीस भरलेली चौकोनी दोरी असते आणि तिला फिरत्या शाफ्टवर थोडं पाणी लागतंच. तेच पाणी तिला थंड आणि ओलं ठेवतं. एकही थेंब येणार नाही इतकं आवळलं की दोरी कोरडी पडते, तापते, कडक होते आणि शाफ्टला चर पाडते. चर पडलेल्या शाफ्टवर मग कितीही नवी दोरी भरा, पाणी थांबत नाही.

ग्लँडमधून मिनिटाला १० थेंब आले तर ते पाणी किती? साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर तासाला ३० मिलिलिटर, आणि बोट अख्खे २४ तास चालली तरी ७२० मिलिलिटर. पाण्याच्या एका बाटलीहून कमी. धार लागली असेल तर जरूर आवळा, पण नट एका वेळी एक पैलू फिरवून, बोट चालवून, ग्लँडवर हात ठेवून. कोमट लागला तर ठीक, हात ठेववत नसेल तर सैल करा. आणि आवळायला जागाच उरली नसेल तर जुनी दोरी पूर्ण काढून नवी भरा. जुनीवर नवी चढवू नका. दोरीची प्रत्येक कडी वेगळी कापायची आणि सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत.

"मोठा बिल्ज पंप बसवा, गळती शोधू नका" या वाक्यावर मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण यात माणसं बुडू शकतात. इथे मी अनुभवाचा हवाला देत नाही, इटलीतला शास्त्रज्ञ टोरिचेली याचा देतो. भोक जितकं खोल तितका पाण्याचा वेग जास्त, हा १६४४ साली त्याने छापलेला नियम आजही तसाच लागू आहे, आणि बडोद्याच्या कलाभवनात डिप्लोमा करताना हायड्रॉलिक्सच्या लॅबमध्ये टाकीला भोक असलेली पट्टी लावून आम्ही तो स्वतः मोजला होता. पाण्याखाली ३० सेंटिमीटरवर भोक असेल तर पाणी सेकंदाला सुमारे २.४ मीटर वेगाने आत येतं. भोक २५ मिलिमीटरचं, म्हणजे सीकॉकवरून (बोटीच्या तळातल्या पाण्याच्या झडपेवरून) एक साधा होस निसटला असं समजा. धारेच्या आकुंचनासाठी ०.६ ने गुणलं तरी मिनिटाला सुमारे ४३ लिटर पाणी आत. २० लिटरच्या दोन बादल्या भरून वर थोडं. दहा मिनिटांत ४३० लिटर.

छोट्या बोटींत सर्रास लावतात तो पंप तासाला ५०० गॅलनचा, म्हणजे मिनिटाला सुमारे ३१ लिटर. तेही खोक्यावर छापलेलं. पाणी मीटरभर वर चढवायचं, बॅटरी उतरलेली, जाळीत चिंध्या अडकलेल्या, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी. दुप्पट मोठा लावला तर पुरेल, बॅटरी टिकेपर्यंत. बिल्जमध्ये पाणी चढलं की आधी ओली होते तीच बॅटरी. पंप हवाच, पण तो भोक शोधायला वेळ मिळावा म्हणून. भोक सापडेपर्यंत ठोकायला प्रत्येक सीकॉकशेजारी त्याच मापाची लाकडी गुल्ली दोरीने बांधून ठेवा, आणि पाण्याच्या पातळीखालच्या होसला स्टेनलेसच्या दोन क्लिपा लावा. जुन्या तांडेलांच्या बोटींत ही गुल्ली असते, मेसेजात तिचं नाव नाही.

सेल्फ मारत राहण्याचा उपायही तितकाच घातक. सेल्फ फिरतो तेव्हा पाण्याचा पंपही फिरतो आणि एक्झॉस्टमध्ये पाणी सोडत राहतो. इंजिन पेटलं नाही तर ते पाणी बाहेर ढकलायला धूरच नाही. सायलेन्सर भरतो, मग पाणी उलटं चढून सिलिंडरमध्ये येतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन-तीन प्रयत्नांत पेटलं नाही तर पाण्याचा सीकॉक बंद करून मग कारण शोधा. आणि पेटल्याबरोबर सीकॉक उघडा, नाहीतर कोरड्या इंपेलरच्या पाकळ्या थोड्याच वेळात जळतात. सिलिंडरमध्ये पाणी गेल्याची शंका असेल तर सेल्फला हातही लावू नका. इंजेक्टर काढा, हाताने फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या.

बाकीचे भरभर सांगतो. जिभेने चव घेण्यात तत्त्व बरोबर आहे, समुद्राचं पाणी खारं आणि कूलंट (इंजिनाच्या आत फिरून त्याला थंड ठेवणारा द्रव) गोडसर. पण कूलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल विषारी आहे, किडन्या निकामी करतं. एका थेंबाने माणूस मरणार नाही, तरी ज्या पाण्यात डिझेल, ऑइल आणि बॅटरीचं ॲसिड मिसळलेलं असतं ते कुणी जिभेवर का ठेवावं? बोटांत चोळून बघा, कूलंट बुळबुळीत लागतं आणि त्याला रंग असतो. थोडं पाणी ताटलीत वाळवा, मीठ उरलं तर समुद्राचं. नर्मदेवर किंवा तलावात बोट असेल तर चवीने तसंही काही कळणार नाही.

हळदीचं म्हणाल तर ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकतात हे मी मुंबई-अहमदाबाद हायवेवर डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि पुढच्या गावापर्यंत गाडी जाते हेही खरं. पण बोटीत समुद्राचं पाणी एका बाजूने येतं आणि दुसऱ्या बाजूने निघून जातं, हळद त्याच्याबरोबर बाहेर. आणि कूलंटच्या बंद फेऱ्यात टाकलीत तर ती हीट एक्सचेंजरच्या, म्हणजे समुद्राच्या पाण्याने कूलंट थंड होतं त्या भागाच्या, बारीक वाटांत बसते. मग गळतीबरोबर इंजिनही तापणार.

एल्बोला बाथरूमचं सिलिकॉन लावू नका. तिथे तापलेला धूर आणि खारं पाणी एकत्र येतात, एल्बो आतून खात जातो, आणि बाहेर पांढरं मीठ दिसेपर्यंत भिंत पत्र्याएवढी उरलेली असते. वर धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो बंद केबिनमध्ये साचतो. एल्बो बदलायचाच.

आता बडोद्याच्या हरणी तलावातल्या बोटीबद्दल. १८ जानेवारी २०२४ ला सहलीला आलेली १२ मुलं आणि त्यांच्या २ शिक्षिका त्या तलावात बोट उलटून बुडून गेल्या. बडोद्यातलं कुणीही तो दिवस विसरलेलं नाही. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसवली होती आणि अनेक मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. ज्या आयांनी ती मुलं गमावली त्यांच्या दुःखावर घरगुती उपायांची जाहिरात करू नका. गळतीवर खापर फोडलं की माणसं मोजण्याची आणि जॅकेट देण्याची जबाबदारी कुणावरच उरत नाही.

भाच्याला मी जे सांगितलं ते इथे देतो, कारण पैसे यात जवळजवळ लागत नाहीत. बिल्ज पूर्ण उपसून फडक्याने कोरडं करायचं. ग्लँडखाली, पंपाखाली, प्रत्येक सीकॉकखाली, एल्बोखाली, हीट एक्सचेंजरखाली वर्तमानपत्राचा वेगवेगळा तुकडा ठेवायचा. मग चार टप्पे. धक्क्याला बांधून, इंजिन बंद, तासभर. नंतर इंजिन चालू, गिअर न टाकता. नंतर बांधलेल्या बोटीतच हलका गिअर टाकून. शेवटी फेरी मारून. इंजिन बंद असताना कागद ओला झाला तर सीकॉक, होस नाहीतर ग्लँड. इंजिन चालू झाल्यावरच झाला तर पंप, होस किंवा एल्बो. गिअर टाकल्यावरच झाला तर ग्लँड. आणि फक्त पावसानंतर ओलं होत असेल तर वरचं झाकण तपासा, इंजिनाला उगाच हात लावू नका.

त्याने भोक मोकळं केलं, पंप उतरवला. पाण्याच्या सीलचा ओठ फाटला होता आणि शाफ्टला त्याच जागी चर होता, म्हणून सील आणि शाफ्ट दोन्ही बदलले. ऑइल आणि फिल्टर तीनदा बदलायला लागले, दर वेळी दहा मिनिटं चालवून गाळायचं. तिसऱ्यांदा डिपस्टिक स्वच्छ आली. बेअरिंग वाचले असावेत असं आवाजावरून वाटतं, पण पावसाळ्यात बोट वर काढली की इंजिनाखालचं ऑइलचं भांडं (संप) उघडून बघायचंच, असं मी त्याला बजावलं आहे. काल संध्याकाळी त्याने फोटो पाठवला. पंपाखालचा कागद कोरडा, सीकॉकखालचे कोरडे, ग्लँडखालच्या कागदावर ओला गोल. "मामा, मिनिटाला सहा थेंब. आवळू का?" नको, असं लिहून पाठवलं. तो मेसेज भावाने अजून ग्रुपवरून काढलेला नाही, म्हणून हे सगळं आता तिथेच टाकतो आहे.