पहिल्या पानावरचं नाव

"ताई, पुस्तकं कशाला? सिनेमा पाहिलाय त्याने, गोष्ट कळली की." पुण्याच्या चुलतभावाचं हे वाक्य आठवडाभर डोक्यातून जात नाहीये. भाच्यासाठी मी भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'चा संच आणणार होते. 2017 चा सिनेमा झाला म्हणून तो नको! अरे, पुस्तकातला बन्या, म्हणजे फास्टर फेणे, शाळकरी पोर आहे. सिनेमातला बन्या वैद्यकीयच्या प्रवेशपरीक्षेला आलेला तरुण. भाच्याच्या वयाचा बन्या त्याला भेटलाच नाही.

इथे म्युनिकमध्ये अशा सिनेमावरून लेखक कोर्टात गेला होता. मिखाएल एंडे यांची 'डी उनएंडलिखे गेशिख्टे', म्हणजे न संपणारी गोष्ट, 1979 ची. वोल्फगांग पेटरसनने 1984 मध्ये तिचा सिनेमा केला. तो एंडेंना इतका खटकला की त्यांनी दावा लावला. ते हरले, पण सुरुवातीच्या नामावलीतून स्वतःचं नाव काढायला लावलं. याला म्हणतात पुस्तकाची चाड. आपल्याकडे कोण एवढं भांडतं?

आणि त्यांचं बरोबरच होतं. पुस्तकात 26 प्रकरणं, सिनेमा साधारण निम्म्यावर थांबतो. गोष्टीतला मुलगा बास्टिआन फुखुर नावाच्या ड्रॅगनवर बसून छळणाऱ्या पोरांना पळवून लावतो, संपलं. पुस्तकात खरी गोष्ट पुढेच आहे. फान्टाझिएन या कल्पनेतल्या जगात त्याची एकेक इच्छा पुरी होते आणि दर इच्छेमागे आपल्या जगातली एकेक आठवण पुसली जाते. शेवटी स्वतःचं नावही राहत नाही. हे कळायला पुस्तकच वाचावं लागतं, भाऊराया.

लेकीला घेऊन 25 नंबरच्या ट्रामने गाइझेलगास्टाइगच्या स्टुडिओत गेले होते, तो सिनेमा जिथे झाला तिथे. फुखुरच्या पाठीवर बसलेला तिचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी कौतुक केलं. रात्री आम्ही पुस्तक घेऊन बसतो. माणसांच्या जगाची लाल अक्षरं मी वाचते, फान्टाझिएनची हिरवी ती. माझे उच्चार ती दुरुस्त करते. बास्टिआन वडिलांना विसरतो तिथे मला पुढे वाचवेना. तिनेच माझी ओळ पुरी केली.

भावाला एक गोष्ट सांगितली नाही. तो संच नवीन घेणार नव्हते. लेक पाच वर्षांची असताना पुण्याहून तिच्यासाठीच आणला होता. आता ती दहाची आहे. मराठी तिला समजतं, आजीशी बोलतेही, पण देवनागरी मी शिकवली नाही. जर्मन शाळा, पोहणं, माझी नोकरी, पुढच्या सुट्टीत, त्याच्या पुढच्या सुट्टीत. शेवटी मीही तिला 'फास्टर फेणे'चा सिनेमाच दाखवला, खाली इंग्रजी ओळी वाचत.

प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर मी तिचं नाव लिहिलं होतं. भाच्याला देण्याआधी त्यावर पांढरा कागद चिकटवणार होते.