खुलासा: टायरवरची रेल्वे पॅरिस मेट्रोच्या आधीची

'रबरी टायरवर धावणारी जगातली पहिली रेल्वे म्हणजे १९५६ची पॅरिस मेट्रो' असा मजकूर सध्या फिरतोय. वर्ष बरोबर आहे, 'पहिली' मात्र चूक. मिशलिन या फ्रेंच टायर कंपनीच्या हलक्या रेल्वेमोटारी, म्हणजे 'मिशलीन', १९३०च्या दशकातच फ्रान्समध्ये प्रवासी नेत होत्या.

शिवाय दोन्हींची रचनाही वेगळी. मेट्रोच्या टायरांना रुळांशेजारी स्वतंत्र रुंद पट्ट्या असतात. मिशलीनचे टायर थेट नेहमीच्या लोखंडी रुळावर चालायचे. चाक घसरू नये म्हणून बाजूला पोलादी कडा असे. रुळाचा माथा अरुंद, त्यामुळे एका टायरवर फार भार टाकता येत नसे. म्हणून गाडी हलकी ठेवायची आणि चाकं वाढवायची. एवढ्याशा गाडीला इतकी चाकं का, याचं उत्तर हेच.

मजकुरासोबतच्या फोटोतल्या लाल-पिवळसर गाडीची चाकंही नीट बघा, साधी पोलादी आहेत; म्हणजे ती टायरवरची खरी मिशलीन नव्हे. फ्रान्समध्ये बोलताना कुठल्याही जुन्या डिझेल रेल्वेमोटारीला सर्रास 'मिशलीन' म्हणतात, आपण वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणायचो तसं. खऱ्या मिशलीन मादागास्करमध्ये पुढेही बराच काळ धावत राहिल्या.