‘ट्रस्ट काढा, टॅक्स विसरा’ : त्या मेसेजला उत्तर

परवा आमच्याकडच्या एका वाचनालयाच्या चिटणीसांनी मला एक मेसेज पुढे ढकलला. खाली त्यांनी लिहिलं होतं, ‘हे खरं का हो? मग आपण इतकी वर्षं ऑडिटचा खर्च उगाच केला?’ मेसेज बहुधा तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. मार्च जवळ आला की तो नव्या कपड्यांत पुन्हा फिरायला निघतो. गोषवारा असा : सात माणसं जमवा, धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट नोंदवा, की आयुष्यभर टॅक्स नाही. घर-गाडी ट्रस्टच्या नावावर घ्या. देणगीदाराला पूर्ण रक्कम करातून वजा मिळते, म्हणून पावती फाडा आणि पैसे रोखीने परत करा. ३१ मार्चला खात्यात शिल्लक ठेवू नका, नाहीतर कर बसेल. जीएसटी ट्रस्टला लागत नाही. आणि परदेशातल्या नातेवाइकांकडून हवे तेवढे पैसे मागवा.

मी लहान संस्थांचे हिशेब बघतो. या मेसेजमुळे एखादा लबाड आणखी लबाड होईल, याची मला फारशी काळजी नाही. तो चिटणीस पावतीपुस्तक कपाटात ठेवून निवांत झोपेल, याची आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

त्याआधी एक खुलासा. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली आणि कलमांचे क्रमांक बदलले. मी जुनेच क्रमांक वापरतो, कारण आपल्या फायलींत, आदेशांवर आणि पावत्यांवर अजून तेच आहेत.

‘धर्मादायकडे नोंदणी झाली की कर नाही.’ इथे दोन वेगळ्या दारांची गल्लत आहे. धर्मादाय आयुक्त हे राज्याचं कार्यालय. ते महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे चालतं. २०१२ पर्यंत त्याच्या नावात ‘मुंबई’ होतं, आणि जुने लोक अजूनही ‘बीपीटी अ‍ॅक्ट’च म्हणतात. तिथे तुम्हाला नंबर मिळतो, शेड्यूल एकचा (संस्थेच्या नोंदीचा) उतारा मिळतो, विश्वस्तांची नावं लागतात. कराची सूट मात्र केंद्राच्या कायद्यात आहे आणि ती देणारा अधिकारी प्राप्तिकर खात्याचा आयुक्त. त्याच्याकडे वेगळा अर्ज करून प्राप्तिकराच्या कलम १२एबी खाली नोंदणी घ्यावी लागते. ती घेतली नसेल तर संस्थेचं उत्पन्न साधारणपणे चार माणसांच्या मंडळीसारखं धरून स्लॅबप्रमाणे कर लागतो. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तर काहीच भरावं लागत नाही, आणि तेवढ्यावरूनच ‘आम्हाला कधी टॅक्स आला नाही’ हा समज पसरतो. कर आला नाही, कारण उत्पन्नच तेवढं नव्हतं.

१२एबी मिळाली तरी सूट आपोआप येत नाही. वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के संस्थेच्या उद्देशांवर खर्च झाले पाहिजेत, हिशेब तपासून अहवाल मुदतीत भरला पाहिजे, विवरणपत्र वेळेत गेलं पाहिजे. यातलं एक हुकलं तरी ‘आम्ही चांगलं काम करतो’ हे उत्तर चालत नाही. आणि ऑडिट उगाच नव्हतं, चिटणीस साहेब. धर्मादायचं ऑडिट हे राज्याचं स्वतंत्र बंधन आहे. ३१ मार्चला हिशेब बंद केले की सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, तो अहवाल तिथे जायला हवा. कर असो वा नसो.

‘एकदा नोंदणी, आयुष्यभर सूट.’ हे एके काळी खरं होतं, म्हणूनच ते इतकं चिवट आहे. पूर्वी १२ए चं, म्हणजे आताच्या १२एबी च्या जागी असलेल्या नोंदणीचं, प्रमाणपत्र एकदा मिळालं की रद्द होईपर्यंत टिकायचं. काही संस्थांच्या कपाटात १९८० च्या आसपासची टंकलिखित, पिवळी पडलेली प्रमाणपत्रं मी स्वतः पाहिली आहेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत देवासारखी जपलेली. २०२० च्या वित्त कायद्याने हे संपवलं. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जुन्या संस्थांना नव्याने अर्ज करावा लागला. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी, मग पाच वर्षांची. २०२५ मध्ये लहान संस्थांना थोडा दिलासा मिळाला : सूट धरण्याआधीचं उत्पन्न आधीच्या दोन्ही वर्षांत पाच कोटींच्या आत असेल तर नोंदणी दहा वर्षांसाठी.

आता खरा सापळा. त्या वेळी मिळालेल्या कित्येक आदेशांवर ‘कर निर्धारण वर्ष २०२२-२३ ते २०२६-२७’ असं छापलेलं आहे. वाचणारा म्हणतो, अजून २०२७ च्या मार्चपर्यंत वेळ आहे. नाही. कर निर्धारण वर्ष २०२६-२७ म्हणजे आर्थिक वर्ष २०२५-२६. मुदत ३१ मार्च २०२६ ला संपली, आणि नूतनीकरणाचा अर्ज त्याच्या सहा महिने आधी, ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत जायला हवा होता. त्या वाचनालयाच्या आदेशावर हीच ओळ होती. चिटणीसांनी ती मला फोनवर मोठ्याने वाचून दाखवली आणि दोन्ही बाजूंना जरा वेळ शांतता झाली.

अर्ज राहिला असेल तर हातपाय गाळू नयेत. उशिराला वाजवी कारण असेल तर तो उशीर माफ करण्याचा अधिकार १ ऑक्टोबर २०२४ पासून आयुक्तांना दिलेला आहे. ‘आमच्या लक्षात आलं नाही’ एवढंच लिहू नका. कोण आजारी होतं, आधीचे सीए कधी बदलले, मेल कोणाच्या आयडीवर जात होती, हे कागदांसह लिहा. (संस्थेचा ई-मेल बऱ्याच ठिकाणी कोणा तरी भाच्याचा असतो आणि भाचा आता पुण्यात नोकरी करतो.) हे गंभीरपणे घ्या, कारण मुदतीत नूतनीकरण न करणाऱ्या संस्थेवर ११५टीडी हे कलम येऊ शकतं. त्यात वर्षाच्या उत्पन्नावर नव्हे, तर साठलेल्या मालमत्तेच्या बाजारभावातून देणी वजा जाता उरणाऱ्या रकमेवर सर्वोच्च दराने कर लागतो. गावातली मोक्याची जागा पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी वाचनालयाला दिलेली असेल, तर बाजारभाव या शब्दाचा अर्थ सांगायला नको.

‘घर-गाडी ट्रस्टच्या नावावर घ्या.’ घ्या की. फक्त त्या दिवसापासून ते घर तुमचं नाही. तुमच्या मुलांचंही नाही. सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची तर १९५० च्या अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक, किंवा बिगरशेती जागा आणि इमारत तीन वर्षांहून अधिक भाड्याने द्यायची तरी लागते. परवानगीवाचून केलेला व्यवहार साधारणपणे टिकत नाही. कर्ज काढायलासुद्धा ३६ए ची मंजुरी आहे. करातून पळायला निघालेला माणूस असा स्वतःच्याच घराचा विश्वस्त होऊन बसतो, आणि पुढच्या कार्यकारी मंडळाने ठराव केला तर त्याला त्या घरात राहायचं भाडं द्यावं लागेल.

प्राप्तिकराची बाजू वेगळी. संस्थापक, विश्वस्त, त्यांचे नातेवाईक आणि मोठे देणगीदार यांना संस्थेच्या पैशाचा किंवा मालमत्तेचा फायदा मिळाला की कलम १३ लागतं, आणि त्या लाभाच्या रकमेवर सूट जाते, वर ३० टक्के दर. इथे उलटा गैरसमजही आहे, तोही सांगून टाकतो : विश्वस्ताला मोबदला घेताच येत नाही, असं प्राप्तिकर कायदा म्हणत नाही. काम खरं असेल, रक्कम बाजारातल्या मानाने वाजवी असेल आणि संस्थेची घटना अडवत नसेल, तर देता येतो. रोज चार तास शाळेचा कारभार बघणाऱ्या माणसाने फुकटच राबावं, ही अपेक्षा कायद्याची नाही. ती आपली आहे.

‘८०जी ने पूर्ण रक्कम वजा.’ ८०जी म्हणजे देणगीदाराला वजावट देणारं कलम. हिशेब करून बघू. बहुतेक खासगी संस्थांच्या ८०जी वर देणगीच्या निम्मीच रक्कम उत्पन्नातून वजा होते, आणि पात्र देणगीलाही समायोजित एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. ३० टक्के स्लॅबमधल्या माणसाने एक लाख दिले तर वजावट पन्नास हजार, आणि उपकरासह वाचणारा कर १५,६००. दोन हजारांवर रोख देणगी असेल तर वजावट शून्य. नवी करप्रणाली घेतलेल्याला ८०जी मिळतच नाही, आणि २०२३-२४ पासून ती प्रणालीच आपोआप लागू होणारी आहे. म्हणजे ज्या आमिषावर हा मेसेज उभा आहे, त्याचं गिऱ्हाईकच आटत चाललंय.

पावती देऊन पैसे परत करण्याबद्दल फार लिहीत नाही, तो गुन्हा आहे. एवढंच लक्षात घ्या की २०२१-२२ पासून प्रत्येक देणगीदाराचं नाव, पॅन किंवा दुसरी ओळख आणि रक्कम १०बीडी या विवरणात ३१ मे पर्यंत खात्याला कळवावी लागते आणि दात्याला १०बीई प्रमाणपत्र द्यावं लागतं. छापील पावतीवर वजावट मागण्याचे दिवस गेले. प्रामाणिक संस्थांनासुद्धा याचा चटका बसतो : विवरण चुकलं तर दिवसाला २०० रुपये शुल्क, वर दहा हजार ते एक लाख दंड. ५०१ रुपये देणाऱ्या आजींचा पॅन मागायला जीव धजावत नाही, हे मलाही कळतं. पण त्यांचं नाव आणि पत्ता वहीत घ्याच. नावपत्ता नसलेल्या देणग्या एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या पाच टक्के, यांतल्या मोठ्या आकड्याच्या वर गेल्या की त्या वरच्या रकमेवर ३० टक्के कर आहे. निव्वळ धार्मिक संस्थेच्या दानपेटीला हे लागू नाही, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या पेटीला आहे.

‘३१ मार्चला शिल्लक ठेवू नका.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलं आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात संस्था खुर्च्या घेतात, कपाटं घेतात, नको असलेला प्रिंटर घेतात. एका संस्थेने माझ्यासमोर सत्तर प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेतल्या आणि ठेवायला जागा नाही म्हणून शेजारच्या मंगल कार्यालयात लावल्या.

गरज नाही. समजा वाचनालयाला वर्षात दहा लाख आले. १५ टक्के, म्हणजे दीड लाख, काहीही न विचारता राखून ठेवता येतात, तेही कायमचे. उरले साडेआठ. त्यातले सहा खर्च झाले, अडीच राहिले. या अडीच लाखांसाठी मंडळाने ठराव करायचा : ‘अभ्यासिकेच्या वरच्या मजल्यासाठी’. फॉर्म १० विवरणपत्राच्या मुदतीआधी भरायचा आणि पाच वर्षांत त्याच कामावर रक्कम वापरायची. उद्देश नेमका लिहा. ‘संस्थेच्या सर्वसाधारण उद्देशांसाठी’ असं लिहिलं की वाद ओढवून घेतलात. पैसे देण्याचं कबूल केलं पण ३१ मार्चपर्यंत दिले नाहीत, तर तो त्या वर्षाचा खर्च धरला जात नाही. एका दिवसात एकाच व्यक्तीला दहा हजारांवर रोख दिले, तर तोही नाही.

आणि हे राखलेले पैसे कुठे ठेवायचे? कलम ११(५) मध्ये यादी आहे : शेड्यूल्ड बँक, सहकारी बँक, पोस्ट, सरकारी रोखे वगैरे. गावोगावी संस्थेच्या ठेवी पतसंस्थेत असतात, कारण व्याज एक टक्का जास्त आणि चेअरमन आपलेच. पतसंस्था म्हणजे सहकारी बँक नव्हे. ती यादीत बसते असं धरून चालू नका. त्या एका टक्क्यासाठी अडचणीत आलेल्या संस्था मला माहीत आहेत, आणि नोटीस आल्यावर चेअरमन आपले राहत नाहीत.

जीएसटीचं थोडक्यात. ‘धर्मादाय कार्य’ याची जीएसटीतली व्याख्या प्राप्तिकरातल्यापेक्षा बरीच अरुंद आहे. देवस्थानाच्या आवारातला हॉल दिवसाला दहा हजारांच्या आत भाड्याने दिला तर सूट मिळू शकते. पण शिक्षणसंस्थेने आपलं सभागृह लग्नांना दिलं आणि वर्षाची एकूण उलाढाल (करमाफ सेवा धरून) वीस लाखांवर गेली, तर नोंदणी घ्या आणि १८ टक्के लावा. संस्थेचा हेतू कितीही उदात्त असला तरी ते लग्न दुसऱ्याचं असतं.

राहिले परदेशातले नातेवाईक. इथे रक्ताचं नातं बघत नाहीत, पासपोर्ट बघतात. न्यू जर्सीतल्या पुतण्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून देत असेल, तर ते परकीय योगदान नाही. त्याने अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (मूळ भारतीयांना मिळणारं) असूनही तो परदेशी दाता. मग २०१० च्या एफसीआरए, म्हणजे परकीय योगदानाच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. गावच्या शाखेत थेट आलेले हजार डॉलरसुद्धा उल्लंघन ठरतात. गणपतीच्या वर्गणीतही हा प्रश्न येतो, आणि नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी काढण्याआधी १९५० च्या अधिनियमाच्या कलम ४१सी ची परवानगी घ्यायची असते, ती गोष्ट वेगळीच.

चिटणीसांनी मेसेज ग्रुपवरून काढला नाही. खाली आपल्या आदेशाचा फोटो टाकला आणि लिहिलं, ‘सर्व विश्वस्तांनी शेवटची तारीख बघावी.’ पहिलं उत्तर आलं अंगठ्याचं. दुसऱ्याने विचारलं, २०२६-२७ म्हणजे कुठला मार्च?