शिक्षेआधीचं मतदान
अमेरिकेतला राजकारणी जिमी डिमोरा याच्यावरच्या लेखात, त्याला भ्रष्टाचारासाठी 2012 मध्ये झालेल्या 28 वर्षांच्या शिक्षेवरच भर आहे. मला त्याआधीचं 2009 चं मतदान जास्त मोलाचं वाटतं. ओहायो राज्यातल्या कायाहोगा काउंटीचा, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाचा, कारभार तीन कमिशनरांच्या हाती होता. डिमोरा त्यांतला एक, शिवाय तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्ष. लाच म्हणून ठेकेदारांकडून घराची कामं फुकटात, वर लास व्हेगासची सहल! जुलै 2008 मध्ये एफबीआयची धाड पडली आणि पुढच्याच वर्षी, त्याला अटक होण्याआधीच, मतदारांनी तीन कमिशनरांची ती पद्धतच मोडीत काढून एक निवडून दिलेला प्रमुख आणि 11 जणांचं कौन्सिल आणलं. तिथल्याच बेडफर्ड हाइट्स शहराचा महापौर असल्यापासून त्याला आपला मानणाऱ्या कामगारांचं मात्र फार वाईट वाटतं.